जुन्या जिप्सी-जीपचे पाटे, बुश आणि शॉकअप बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दोन जुन्या गाड्या आहेत. माझी १९९८ ची जिप्सी किंग आणि काकांची महिंद्रा ५४०. दोन्ही राजापूर तालुक्यातल्या सड्यावर (जांभ्याच्या माळावर), कलमांच्या बागांत आणि पावसाळ्यात लाल चिखलातून चालतात. त्यांच्याखाली पोतं अंथरून काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आजूबाजूचे गाडीवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं चारही चाकांवर पाटे असलेल्या गाड्यांना धरून आहेत, म्हणजे जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप, मेजर, क्लासिक. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. कुणी त्यांना कमान म्हणतं, गोष्ट तीच. पुढून पाटे नसलेल्या थारबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

गाडी हल्ली फार आपटते. शॉकअप बदलले की काम होईल ना?

बहुतेक वेळा होत नाही. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, वजन पाटे पेलतात. खड्ड्यातून गेल्यावर पाट्याची वरखाली चालू राहते, ती शांत करणं एवढंच शॉकअपचं काम. गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डोलत असेल, तर शॉकअप गेले असं समजा. पण ती नुसती कडक आपटत असेल, तर कारण दुसरीकडे आहे.

सगळ्यात आधी टायरमधली हवा तपासा. पंपावरचा मुलगा मोठ्या गाडीची म्हणून हवा भरून ठेवतो आणि जिप्सीसारखी हजार किलोच्या आसपासची हलकी गाडी दगडासारखी उडते. हवा बरोबर असेल तर बुश, म्हणजे पाट्याच्या टोकांच्या सांध्यातले रबरी तुकडे, बघा. मग पाट्यांच्या मधला गंज. पाटे एकमेकांवर घसरले तरच गाडी मऊ चालते. मध्ये गंजाचा थर साचला की सहा पाट्यांची मिळून एकच जाड पट्टी झाल्यासारखी होते. दुकानातून शॉकअप आणण्याआधी एवढं बघितलंत तर निम्म्या वेळा पैसे वाचतील.

नक्की काय झिजलंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दोन माणसं, एक टॉमी किंवा छोटी पहार आणि उजेडाला बॅटरी (टॉर्च) एवढं पुरतं. आदल्या दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. चिखलाखाली काहीही दिसत नाही.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकं जमिनीवरच राहू द्या. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सारखं हलवायचं. पूर्ण फिरवायचं नाही, फक्त मोकळा प्ले असेल तेवढंच. दुसऱ्याने समोरून खाली वाकून बघायचं आणि बोट टेकवून अंदाज घ्यायचा. ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे येणारा दांडा) हलते पण टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) हलत नाही, तर मधला सांधा गेला. सगळं हलतं पण चाक उशिरा हलतं, तर पुढचा सांधा गेला. एक्सल जागेवर असताना पाट्याचं टोक शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांमध्ये) डावं-उजवं सरकताना दिसलं, तर बुश संपले.

मग टॉमी घेऊन एकेका बुशजवळ जा. शॅकलची पट्टी आणि पाट्याचा डोळा (टोकाचं गोल वेटोळं) यांच्या फटीत टोक घालून हलका रेटा द्या. चांगलं रबर थोडं दबून परत येतं. संपलेलं रबर काळ्या भुग्यासारखं खाली पडतं, किंवा लोखंडावर लोखंड घासल्याची चकाकी दिसते. ती चकाकी दिसली की दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

पाटे बसलेत का ते मोजून बघा. सपाट जागेवर, रिकाम्या गाडीत, चारही कोपऱ्यांत एक्सलपासून चासीपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर एक पाटा तुटलेला किंवा बसलेला आहे. तुटलेला पाटा सहज दिसत नाही, कारण भेग बहुतेक सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र बांधणाऱ्या बोल्टच्या) आसपास, यू-बोल्टखाली (पाटे एक्सलला आवळणाऱ्या बोल्टखाली) लपते. तिथे गंजाची लालसर रेघ दिसली तर खुशाल तुटला समजा.

शेवटी चासी. पाट्यांचे हँगर (पाट्याचं टोक धरणारे चासीवरचे कान) जिथे जोडलेत तिथे छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड ठणठणतं, आतून कुजलेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं तर नवे पाटे, नवे बुश सगळं बाजूला ठेवा आणि आधी चासीचं काम करून घ्या. कुजलेल्या हँगरला नवा पाटा लावणं धोक्याचं आहे.

पन्नासच्या पुढे गेलं की स्टेअरिंग जोरात थरथरतं. तेही पाट्यांमुळे का?

पाट्यांचे बुश हातभार लावतात, पण मुख्य संशय किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर डावं-उजवं वळतं त्यांच्यावर, घ्या. पुढचं एक चाक जॅकने उचला, वर एक हात, खाली एक हात धरून चाक आत-बाहेर हलवा. प्ले लागला तर आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही प्ले तसाच राहिला तर किंगपिनचं बेअरिंग. ही परीक्षा मला काकांनी शिकवली आणि तिने आजवर फसवलेलं नाही.

किंगपिनचं बेअरिंग बदलताना शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बरोबर घालून त्याला योग्य ताण द्यावा लागतो. नुसतं नवं बेअरिंग ठोकून दिलं आणि ताण ढिला राहिला, तर थरथर महिनाभरात परत येते. हे काम जीप-जिप्सी माहीत असलेल्या मिस्त्रीकडेच द्या. काही जण यावर उपाय म्हणून स्टेअरिंग डॅम्पर लावतात. त्याने थरथर दबते, झीज मात्र आत चालूच राहते.

काम कधी काढावं?

दोन वेळा चांगल्या. एक, आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीनंतर ते जानेवारी. दुसरी, आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, मे महिन्यात. पण मे महिन्यात गाडी बागेत अडकलेली असते आणि मिस्त्रीही मोकळा नसतो, म्हणून मी पहिलीच धरतो. पावसाळा संपला की खालचा चिखल सुकतो, चार महिन्यांत कुठे काय गंजलं ते स्वच्छ दिसतं. मिरग लागल्यावर बाहेर उघड्यावर हे काम काढू नका. एक्सल खाली उतरवलेला, पार्ट कोल्हापूरहून यायचे आणि वरून धार लागलेली, असे चार दिवस आम्ही एकदा काढले आहेत.

बोल्ट निघतच नाहीत. काय करू?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. देशावरच्या माणसाला नवा बुश घालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आपला पहिला नटही हलत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात खारा वारा बाराही महिने. जुन्या गाडीत काम म्हणजे बोल्ट उघडणं. भाग बदलणं ही त्यानंतरची तासाभराची गोष्ट.

घाई करू नका, आठवडाभर आधी तयारीला लागा. सगळ्या नटांवरचा चिखल आणि गंज तारेच्या ब्रशने घासून काढा. बाहेर डोकावणारे आटे स्वच्छ करा, कारण नट त्यांच्यावरूनच बाहेर येणार आहे. मग रोज संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारा. पाचव्या-सहाव्या दिवशी नटाच्या बाजूंवर हातोडीने चार ठोके द्या आणि सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनी गोटीने जुना नट गोल होतो आणि मग त्याचं काहीच करता येत नाही. पान्याला पाइप लावा, झटका न देता हळूहळू वजन टाका. किंचित हलला की लगेच पूर्ण काढायला जाऊ नका. पाव आटा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे, मध्ये स्प्रे, असं करत आणा.

नट निघाला तरी पुढे खरी अडचण असते. बुशच्या मध्ये लोखंडी नळी असते आणि तिच्यातून बोल्ट जातो. वर्षानुवर्षांत हे दोन्ही गंजून एकजीव होतात. नट निघतो, बोल्ट फिरतो, पण त्याच्याबरोबर नळीही फिरते आणि बाहेर काहीच येत नाही. अशा वेळी घणाने ठोकत बसू नका. त्याने हँगरचे कान वाकडे होतात. सरळ कापा. पाट्याचा डोळा आणि हँगर यांच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घाला, किंवा पातळ चकती लावून ग्राइंडर चालवा, दोन्ही बाजूंनी बोल्ट तोडा आणि पाटा खाली घ्या. म्हणूनच काम काढण्याआधी सगळे शॅकल पिन आणि बोल्ट नवे आणून ठेवा, जुने वापरता येतील या आशेवर राहू नका.

गॅस शेवटचा उपाय. नट तापवायचा असेल तर ब्रेकचा पाइप आणि डिझेल-पेट्रोलची नळी कुठून जाते ते आधी बघा, शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि जळत्या रबराच्या धुरात तोंड घालू नका. पाट्याला मात्र ज्वाला लागता कामा नये. पाट्याचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा शेकून त्याला लवचीकपणा दिलेला असतो. गॅसने लाल झालेला भाग नंतर एक तर मऊ पडतो किंवा काचेसारखा तुटतो.

नवे बोल्ट घालताना आट्यांना आणि नळीच्या आतून अँटी-सीझ किंवा किमान चांगलं ग्रीस लावा. पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःला दुवा द्याल.

गाडी कशावर टेकवायची? खळ्यात चिरे आहेत, ते चालतील?

नाही. कृपा करून चिऱ्यावर गाडी टेकवू नका. जांभा चिरा घराच्या भिंतीत पिढ्यान् पिढ्या टिकतो, कारण तिथे वजन सगळ्या दगडावर पसरतं. गाडीचं वजन त्याच्या एका कोपऱ्यावर येतं. जांभ्यात आतून पोकळ्या असतात, तो न सांगता फुटतो. नारळाचा ओंडकाही घरंगळतो. चासीखाली दोन चांगल्या घोड्या (लोखंडी स्टँड) हव्यातच. खळं मातीचं असेल तर घोडीखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट घाला, नाहीतर तिचे पाय हळूहळू रुततात. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ओट (अडवणारे ठोकळे) लावा. गाडी घोडीवर टेकवल्यावर खाली जाण्याआधी बंपरला धरून जोरात हलवून बघा. हललीच तर आत्ता हलू दे, तुम्ही खाली असताना नको.

पाटा बदलण्याचा क्रम कसा?

एका वेळी एकच कोपरा उघडा. दुसरी बाजू जोडलेली असली की एक्सल फार सरकत नाही. चासी घोडीवर, एक्सलखाली ट्रॉली जॅक. आधी शॉकअपचं खालचं टोक सोडवा. ब्रेकचा रबरी होस कुठे ताणला जातोय का ते बघा. एक्सल कधीही होसवर लटकता कामा नये. मग यू-बोल्ट, मग शॅकल, शेवटी पाट्याचं दुसरं टोक. जॅक वरखाली करून पाट्यावरचा ताण पूर्ण काढा आणि मगच शेवटचा बोल्ट ओढा. ताणलेला पाटा सुटला तर हात मोडतो.

नवा पाटा लावताना दोन गोष्टी तपासा. सेंटर बोल्टपासून दोन्ही डोळ्यांपर्यंतचं अंतर सारखं असेलच असं नाही, म्हणून जुना पाटा शेजारी ठेवून दिशा जुळवा. काही जुन्या जीपमध्ये डावा-उजवा पुढचा पाटाही वेगळा असतो, काढतानाच खडूने खूण करा. दुसरं, एक्सलवरच्या बैठकीला भोक असतं, त्यात सेंटर बोल्टचं डोकं बसलं पाहिजे. बोट घालून चाचपून बघा. ते बाहेर राहिलं आणि तुम्ही यू-बोल्ट आवळलेत, तर एक्सल तिरका बसेल आणि गाडी खेकड्यासारखी चालेल.

यू-बोल्टचे चार नट आळीपाळीने, कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा. शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्या, आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. गावात टॉर्क पाना नसेल तर चार गाडीवाल्यांनी मिळून एक घ्यावा, आमच्या वाडीत तसाच घेतला आहे.

यू-बोल्ट जुनेच चांगले दिसतात. परत वापरू का?

नका वापरू. यू-बोल्ट एकदा आवळला की किंचित ताणला जातो, आट्यांवरही ताण बसतो. दुसऱ्यांदा आवळल्यावर तो आधीइतकी पकड देत नाही. मला हे अणुस्कुरा घाटात कळलं. एका गॅरेजमध्ये मागचे पाटे बदलून घेतले होते, यू-बोल्ट जुनेच ब्रशने घासून लावले होते आणि ते मी विचारलंही नव्हतं. आठवडाभराने कोल्हापूरला जायला निघालो, मागे पाच डझनी पेट्या वीस. लाकूड धरून एक पेटी सहज पंधरा-वीस किलोची, म्हणजे तीनशे-चारशे किलो माल. घाट अर्धा चढल्यावर मागून एक ठक्क असा आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. खाली वाकलो तर डावीकडचं मागचं चाक मडगार्डच्या पुढच्या कडेला टेकायला आलेलं. यू-बोल्ट ढिले झाले, पाटे एकमेकांवर सरकायला लागले, सगळा भार एकट्या सेंटर बोल्टवर आला आणि तो तुटला. बाजूला दरी होती. त्या दिवशी गाडीत मुलगा बरोबर होता, हे आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

नवे यू-बोल्ट लावल्यावरही काम संपत नाही. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, मग पाचशे-हजारच्या आसपास पुन्हा एकदा. नवीन पाट्यांवरचा रंग आणि गंज दबून बसतो, तेवढा बोल्ट ढिला पडतो. नटावर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

बुश रबराचे घ्यावे की पॉलीयुरेथेनचे?

रोजच्या गाडीला रबराचे. माझं मत पक्कं आहे. रबर रस्त्याचा कंप गिळतं, पाट्याला पिळायला वाव देतं आणि त्याला कसलीही निगा लागत नाही. पॉलीयुरेथेन जास्त टिकतं, तेलाने फुगत नाही, स्टेअरिंग थोडं नेमकं होतं, हे खरं. पण त्याला अधूनमधून सिलिकॉन ग्रीस द्यावं लागतं, नाहीतर ते चिमणीसारखं चूं चूं वाजत राहतं आणि जांभ्याची लाल धूळ आत गेली की बोल्टची नळी झिजते. चार चाकांचे मिळून बारा सांधे आहेत, एवढी निगा राखणार असाल तर जरूर लावा.

घेताना बुश नखाने दाबून बघा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर दगड झालेलं असतं, त्याच्या कडेला बारीक चिरा असतात. ते नवीन म्हणून विकलं गेलं तरी जुनंच.

बुशचे बोल्ट जॅकवर असतानाच आवळायचे का?

नाही, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या मिस्त्रींकडून होताना पाहिली आहे. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. गाडी हवेत, पाटा लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट हाताने लावून घ्या, गाडी चारही चाकांवर उतरवा, दोनदा दाबून हलवा, आणि मग शेवटचं आवळा.

बसलेले पाटे ठोकून घ्यावेत की नवे घ्यावेत? एक जादा पाटा टाकला तर?

ठोकून कमान दिलेले पाटे माझ्या अनुभवात एक हंगाम काढतात. थकलेलं पोलाद पुन्हा बसतं. जिल्ह्याबाहेर कोल्हापुरात भट्टीत रीतसर तापवून, तेलात विझवून देणारे कमानवाले आहेत. त्यांच्याकडचं काम टिकतं, पण खर्च नव्याच्या जवळ जातो. मेन पाटा, म्हणजे डोळे असलेला सगळ्यात वरचा, एकदा बसला किंवा डोळ्याशी उघडला की नवाच घ्या.

जादा पाट्याचं लालूच आंब्याच्या दिवसांत सगळ्यांनाच पडतं. दोन महिने माल भरून चालायला बरं वाटतं, उरलेले दहा महिने रिकामी गाडी हाडं खिळखिळी करते आणि सगळा मार चासीच्या हँगरला बसतो. गंजलेल्या चासीला तो सोसत नाही. मी पेट्या कमी भरतो आणि एक फेरी जास्त मारतो.

आणि पाटे नेहमी जोडीने बदला, दोन्ही पुढचे किंवा दोन्ही मागचे. शॉकअपचंही तसंच.

नवीन शॉकअप लावण्याआधी काही करायचं असतं का?

तेलाचे शॉकअप आडवे पडून येतात, आत हवा मिसळलेली असते. उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा आणि दाबा, ताण सगळीकडे सारखा लागेपर्यंत. दांड्याला पक्कड लावू नका. त्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पुरतो, तिथून सील फाटतं आणि तेल गळायला लागतं. वरचे-खालचे रबर वॉशर जुने वापरू नका. तेवढंच.

पार्ट कुठे मिळतात?

जिप्सी १९८५ पासून चालू होती आणि लष्कराकडे ती मोठ्या संख्येने आहे, त्यामुळे तिचे पाटे-बुश मिळायला अजून फार अडत नाही. जुन्या महिंद्राचे साधे भाग तालुक्याच्या गावीही सापडतात. पाटे आणि पिना आम्ही कोल्हापूरहून आणतो. नमुना म्हणून जुना भाग बरोबर न्यावा, फोनवर सांगून मागवलेला बुश अर्ध्या वेळा चुकीचा येतो. मुंबईत कुर्ल्याला जुने सुटे भाग मिळतात, पण सस्पेन्शनचा भाग जुना घेऊ नका. दुसऱ्याच्या गाडीवर तो किती मार खाऊन आला हे डोळ्यांना दिसत नाही.

माझी २०१२ ची थार आहे. हे सगळं तिलाही लागू आहे का?

मागच्या बाजूला, हो. २०१० ला आलेल्या त्या थारला मागे पाटेच आहेत. पुढे पाटे नसतील तर टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) असतात, तिथे झिजतात ते बॉल जॉइंट आणि विशबोनचे बुश. टॉर्शन बार सोडवण्याआधी त्याच्यावर आणि चासीवर मिळून रंगाची खूण करा, ॲडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहा. डावा बार उजवीकडे लावू नका. आणि पुढचं काम झालं की अलाइनमेंट करून घ्या.

पाटेवाल्या गाडीला अलाइनमेंट लागत नाही म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. सरळ एक्सल असल्यामुळे टो (पुढची चाकं आत-बाहेर किती कललेली आहेत ते) सोडून दुसरं काही फिरवता येत नाही. पण टो तरी बघायलाच हवा, विशेषतः टाय रॉड एंड बदलल्यावर. पाटे किंवा शॅकल बदलल्यावर एक्सलचा कल बदलतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. तसं झालं तर पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये लोखंडी पाचर घालून कल सुधारता येतो. लाकडाची पाचर लावलेली मी पाहिली आहे. ती चुकूनही नको.

गाडी थोडी उंच करायची आहे. लांब शॅकल लावू का?

सल्ला विचारलात तर नको. कल बिघडतो, पुढचं स्टेअरिंग हलकं आणि भरकटणारं होतं, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते आणि पुढे दर ५ वर्षांनी, तेव्हा हा बदल अडचणीत आणतो. आपल्या पाणंदींना मूळ उंची पुरते.

पाट्यांना जळकं ऑइल लावावं का?

जुनी पद्धत आहे, काकाही लावायचे. पण ते रबरी बुशवर ओघळतं, रबर फुगून मऊ पडतं. धूळ चिकटून पाट्यांमध्ये कानसच तयार होते, आणि पावसात ते ऑइल खळ्यातून विहिरीकडे जातं. त्यापेक्षा तीन-चार वर्षांनी पाट्यांचा सेट पूर्ण उघडा, प्रत्येक पाटा घासून स्वच्छ करा, ग्रॅफाइटचं ग्रीस पातळ लावा आणि नवा सेंटर बोल्ट घालून बांधा. उघडताना सेट शिकंज्यात किंवा सी-क्लॅम्पमध्ये घट्ट पकडलेला हवा. ग्रीसचे निपल असलेल्या शॅकलना पावसाळ्यात महिन्याला एकदा ग्रीस द्या, कडेने नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

खाऱ्या पाण्यापासून कसं वाचवायचं?

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा जंगलजेटीवरून (गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवरून) गेलात, की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. रॅम्पवर भरतीच्या वेळी चाकांनी उडवलेलं पाणी थेट शॅकलमध्ये बसतं. खाडीकाठची विहीर असेल तर आधी पाण्याची चव बघा, मचूळ पाण्याने धुऊन उपयोग नाही. वरून चकचकीत धुतलेली आणि खालून खारी राहिलेली गाडी मी दर सुट्टीत बघतो. पाण्याची नळी पाट्यांच्या वर, चासीच्या आतल्या भोकांत आणि शॉकअपच्या खालच्या टोकाशी धरा. रात्री गाडी पागोळ्यांखाली उभी करू नका, चार महिने एकाच जागी ठिबकणारं पाणी तिथला पाटा खातं.

आणि पुळणीवर गाडी घालूच नका. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूखालचं घरटं चाकाखाली गेलं तर गाडीवाल्याला कळतही नाही. गाडीचं मीठ धुता येतं.

वाटेत पाटा तुटला तर वेल्डिंग करून घरापर्यंत येता येईल का?

वेल्डिंग नको, ते शेजारूनच तुटतं आणि जास्त वाईट तुटतं. खालचा एखादा पाटा तुटला असेल तर माल उतरवा, तुटलेले तुकडे जाड तारेने किंवा सी-क्लॅम्पने बांधा आणि वीसच्या वेगाने जवळच्या गावापर्यंत या. मेन पाटा डोळ्याशी तुटला असेल तर गाडी चालवू नका. घाटात तर अजिबात नाही, उचलून आणा.

काढलेल्या जुन्या पाट्यांचं काय करायचं?

भंगारवाल्याला देण्याआधी गावातल्या लोहाराला दाखवा. पाट्याच्या पोलादाचा कोयता धार धरतो, म्हणून लोहार असा पाटा खुशीने घेतात. आमच्याकडे माडाच्या झावळ्या तोडायचा कोयता ५४० च्या मागच्या तिसऱ्या पाट्याचा आहे. भट्टीत घातल्यावर त्याच्यावरचा वीस वर्षांचा गंज पापुद्र्यासारखा सुटून पडला होता आणि आतलं लोखंड निळसर निघालं. मेन पाटा धड असेल तर तो मात्र लोहाराला देऊ नका. काळा रंग मारून मांगरात आडवा ठेवा, आंब्याच्या भर हंगामात दुकानं बंद असताना तोच कामाला येतो.